मूठभर ढील

कुत्र्याच्या छातीचं माप घ्यायचं तर आधी कुत्र्याने उभं राहावं लागतं. हे कुठल्याही वेबसाइटवर लिहिलेलं नसतं. तिथल्या चित्रात एक केसाळ, सुखवस्तू कुत्रा नाक वर करून उभा असतो आणि त्याच्या मानेपासून नि छातीपासून दोन बाण निघालेले असतात. आमचं ध्यान मी ब्लाउजच्या मापाची टेप घेऊन जवळ गेले, की उताणं पडून चारही पाय वर करायचं. मी हायस्कूलमध्ये भूमिती शिकवते. वर्तुळाचा परीघ कसा काढायचा हे निम्म्या बुलडाण्याला मी शिकवलंय, पण त्या एका परिघाने माझा घाम काढला.

बाबा खाटेवर बसून गंमत बघायचे. "पोट खाजवून घ्याची सवय तुह्या मायनं लावली त्याले," म्हणायचे. "टेप-गिप त्याले समजत नाई."

कुत्रा आईचा होता. संग्रामपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव आहे. कुणीतरी शिवारात सोडून दिलेलं ते पिल्लू आईच्या मागे घरी आलं, आईने ताकात भाकर कुस्करून घातली आणि ते राहिलं. गोठ्यातच वाढलं. बैलांच्या गव्हाणीत कडब्यावर झोपायचं आणि बैल त्याला सांभाळून चारा ओढायचे. नाव असं कुणी ठेवलं नाही. आई नुसतं "ये रे" म्हणायची आणि तो यायचा.

आई मागच्या हिवाळ्यात गेली. बाबांनी शेत चुलतभावाला ठोक्याने, वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर, कसायला दिलं, बैलजोडी शेजारच्या गावातल्या ओळखीच्या माणसाला दिली, आणि ते नि कुत्रा असे दोघेच त्या घरात राहू लागले. एका दुपारी त्यांना चक्कर आली आणि ते ओसरीत पडले. कुत्रा भुंकत राहिला म्हणून शेजारचे धावले, नाहीतर काय झालं असतं याचा विचार मी आजही पुरता करत नाही. मी त्याच दिवशी गावी गेले आणि बाबांना बुलडाण्याला घेऊन आले. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे लेकीच्या सासरी कसं राहायचं ही भानगड नव्हती. त्यांची अट एकच होती. कुत्रा सोबत पाहिजे.

मला बाबा हवे होते. काळजी होती हे खरं, पण नुसती काळजी नव्हती. इतकी वर्षं मी शाळेतून येऊन माझ्या घराचं कुलूप माझ्याच हाताने उघडत आले होते. बाबा आल्यावर दार उघडं असायचं, आतून "आली का?" असा आवाज यायचा, आणि मी चपला काढता काढता "हो" म्हणायचे. एवढ्याशा "हो"साठी मी काहीही करायला तयार होते, हे मला तेव्हाच कळलं होतं.

अडचण दोरीची झाली. गावात कुत्र्याला बांधायचा प्रश्नच नव्हता. इथे गल्लीत स्कूटर, डुकरं, शाळेची पोरं, शिवाय आमच्या कॉलनीतल्या कुत्र्यांची टोळी. बाबांनी त्याच्या गळ्यात सुती दोरी बांधली. तो प्रत्येक गोष्टीकडे झेपावायचा, दोरी गळ्यात रुतायची आणि मग तो म्हाताऱ्या माणसासारखा खोकत राहायचा. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी गळा चाचपून सांगितलं, "गळ्यात काही बांधू नका. छातीवरून जाणारा पट्टा आणा. हार्नेस." बाबांनी घरी येऊन दोरी सोडून टाकली आणि त्याला मोकळाच फिरायला नेलं. चौथ्या घरापर्यंत गेले असतील. टोळीने त्याला घेरलं, मांडीला चावे घेतले, आणि चौथ्या घरातल्या बाईंनी गेटमधून मला चार शब्द सुनावले.

संध्याकाळी पाहते तर बाबांची पिशवी भरलेली. "आमी जातो गावाले," ते म्हणाले. "तिथं त्याले दोरीच लागत नाई. इथं बांधून ठेवलं तं तो झुरून मरीन."

आमी म्हणजे ते आणि कुत्रा. मी म्हटलं, आठ दिवस थांबा, मी पट्टा आणते. म्हणजे पट्टा शोधत होते मी कुत्र्यासाठी, पण कुत्र्याच्या दुसऱ्या टोकाला बाबा होते. पट्टा बसला असता तर ते राहिले असते.

बाजारातल्या एका दुकानात गेले. तिथे मुख्यतः माशांच्या टाक्या आणि पोपटांचे पिंजरे मिळतात. दुकानदाराने विचारलं, "कोणत्या जातीचा हाय, मॅडम?" मी म्हटलं, गावठी. त्याचा उत्साह तिथेच संपला. "गावठीले कायले पट्टा पाह्यजे?" तरी त्याने एक काढून दिला. लालभडक, जाडजूड, त्याला चकाकती टोकं ठोकलेली. तो घालून आमचा कुत्रा निवडणुकीत उमेदवाराच्या मागे हाताची घडी घालून उभा राहणाऱ्या माणसासारखा दिसू लागला. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईनंतर ते पहिल्यांदा हसले होते. पण पट्टा मानेपाशी लोंबत होता. कुत्रा एक पाऊल मागे सरला आणि पट्ट्यातून बाहेर येऊन उभा राहिला.

मग मोबाइलवर शोधायला लागले. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की जगातले पट्टे गावठी कुत्रा डोळ्यांसमोर ठेवून कुणी शिवलेलेच नाहीत. त्याची छाती खोल, कंबर अगदी बारीक, मान लांब, डोकं निमुळतं. छातीला होईल तो पट्टा मानेला ढगळा, आणि मानेला होईल त्याचं बक्कल पोटाखाली पोचतच नाही. मीडियम मागवला, परत पाठवला. लार्ज मागवला, परत पाठवला. पार्सलवाला पोरगा गेटवरच खोका ठेवून पळून जायचा. खोका परत गेला की बाबा म्हणायचे, "गेला का वापस? आता आमालेही खोक्यात घालून धाडून दे." ते हसून म्हणायचे. मी हसत नसे.

चौथा पट्टा पाय घालून चढवायचा होता. मापात बसला. आठवडाभर मी खुशीत होते. मग एका सकाळी बाबांनी त्याला कुशीवर निजवलं आणि पुढचा पाय वर उचलून मला हाक मारली. काखेतले केस गेले होते आणि कातडी लाल झाली होती. बाबांनी पट्टा काढून कोपऱ्यात फेकला. त्या दिवशी ते नीट जेवलेही नाहीत.

त्यांचं हे दुःख मला कळत होतं. बाबांनी आयुष्यभर बैलांचे खांदे जपले. जुवाने घट्टा पडला, कातडी सोलली, की त्या दिवशी वखर उभा. लोकांची पेरणी उरकायची आणि आमची मागे राहायची, पण बाबा बैलाला हात लावू द्यायचे नाहीत. जनावराला काही बांधायचं तर त्यांचा एकच नियम होता, आणि तो त्यांना त्यांच्या वडिलांकडून आलेला होता. दावं असो, कासरा असो, घुंगुरमाळ असो, आत मूठ फिरली पाहिजे. मूठ फिरली नाही तर तो गळफास.

पाचवा पट्टा आला तो खरा चांगला होता. आतून मऊ कापड, चार ठिकाणी कमीजास्त करता येणारा, छातीवर एक कडी आणि पाठीवर एक. घालून डॉक्टरांना दाखवायला नेला. त्यांनी प्रत्येक पट्टीखाली दोन बोटं घालून पाहिली आणि म्हणाले, "एवढीच ढील. याहून जास्त नको. हे कुत्रे तोंड फिरवून मागे सरतात आणि अलगद निघून जातात." बाबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन पाहिलं, तर चारही पट्ट्या सैल. आत बाबांची मूठ मावेल इतक्या.

मी आवळल्या. त्यांनी सैल केल्या. मी पुन्हा आवळल्या. याबद्दल आम्ही एक शब्दही बोललो नाही. आमच्या घराण्याची भांडण्याची हीच रीत आहे. शेवटी एका रविवारी मी त्यांना समोर बसवलं, सैल पट्टा कुत्र्याला घातला आणि पुढून ओढून दाखवलं. पट्टा सरसर वर चढून त्याच्या कानांपर्यंत आला. "पाहिलंत?" मी वर्गात विचारते तसं विचारलं.

बाबांनी कुत्र्याचे कान सोडवले. "तो मांगं काऊन सरीन?" ते म्हणाले. "समोर मी हावो ना. मले सोडून तो कायले पयीन?"

याच्यापुढे भूमितीचं काही चालत नाही.

तरी ते दिवस चांगले गेले. बाबा रोज संध्याकाळी त्याला घेऊन शहराबाहेरच्या पुलापर्यंत जायचे. तिथे कठड्यावर पेन्शनर मंडळी बसतात, त्यांच्यात बाबांना जागा मिळाली. कुत्र्याचा पट्टा हा तिथे चर्चेचा विषय झाला. कोण म्हणे हा घोड्याचा साज, कोण म्हणे लहान मुलांच्या शाळेचं दप्तर. बाबा कडी कशाला, बक्कल कसं लावायचं, सगळं समजावून सांगायचे, जणू पट्टा त्यांनीच शोधून काढला होता. खोकला थांबला होता. काखेत पुन्हा केस आले होते. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेर अंगणात बाबा कुत्र्याला म्हणाले, "चाल, घरात चाल. आपल्या घरात." मी हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि जळल्याचा वास येईपर्यंत उभी राहिले. बाबा राहणार होते.

मग पोळा आला.

बैलांशिवायचा बाबांचा तो पहिला पोळा. आमच्याकडे आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. गरम पाण्याने शेकून, हळद घातलेलं तूप चोळून खांदे मळतात आणि उद्या जेवायला या म्हणून बैलांना आवतन देतात. वर्षभर ज्यांनी खांद्यावर ओझं वाहिलं त्यांची ही आठवण. मी शाळेतून आले तर बाबांनी अंगणात पोतं अंथरलेलं, वाटीत तूप-हळद कालवलेली आणि पोत्यावर कुत्रा. त्याच्या मानेपासून खांद्यांपर्यंत, जिथे पट्टा बसायचा तिथे, बाबा तूप जिरवत होते. कुत्र्याने डोळे मिटून घेतले होते.

"याच्याच खांद्यावर भार हाय आता," बाबा म्हणाले. मग त्याच्या कानाशी वाकून, "उद्या पुरनपोई हाय. जेवाले येजो."

ते रडत होते. मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसले आणि मीही वाटीत बोटं बुडवली. कुत्र्याच्या अंगाला देवघरासारखा वास येत होता.

सकाळी मी पुरणाच्या मागे लागले. बाबा दारातून म्हणाले, "मले बैल धुताना पाहाचे हायेत." देऊळघाट जवळ आहे, तिथे पैनगंगेवर पोळ्याच्या दिवशी बैल आणतात. मी पुरण झाकून ठेवलं आणि हात धुऊन निघाले. कुत्र्याला पट्टा बाबांनी आधीच घातला होता. तुपाने माखलेल्या अंगावर त्यांनी तो कसा घातला असेल, किती सैल घातला असेल, हे मला आता डोळे मिटूनही दिसतं. तेव्हा ऑटो दारात उभी होती आणि बाबा नातवंडाला जत्रेला नेणाऱ्या आजोबांसारखे घाईत होते.

नदीच्या अलीकडे उतरलो. रस्त्याच्या पलीकडे उताराखाली पाणी होतं आणि पाण्यात बैल उभे होते. काहींची शिंगं रंगवून झाली होती, काहींच्या पाठी माणसं घासत होती. एक जोडी वर येत होती, तिच्या गळ्यात घुंगुरमाळा. कुत्र्याने तो आवाज ऐकला आणि जागच्या जागी थिजला. मग त्याच्या सगळ्या अंगातून एक थरथर गेली. घरची बैलजोडी गेल्यापासून त्याने तो आवाज ऐकलेला नव्हता. त्याने ओढ घेतली. बाबांनी पट्ट्याच्या कडीचा दोर धरून ठेवला आणि हसत म्हणाले, "अरे, थांब ना बे, जाऊन राह्यलो ना."

तो वळला. बाबांकडे तोंड करून उभा राहिला, मान खाली घातली, आणि मागे सरला. फक्त एकदा. पट्टा खांद्यांवरून, कानांवरून असा निसटला की त्याला काही ओढावंही लागलं नाही. मग तो फिरला आणि बैलांकडे धावला. रस्ता मध्ये होता. उतारावरून एक मालाची गाडी येत होती. ड्रायव्हरने ब्रेक मारला, मला तो आवाज आठवतो. त्या माणसाची काही चूक नव्हती. तो खाली उतरून बाबांचे पाय धरत होता आणि बाबा त्याला बाजूला सारून पुढे जात होते.

कुत्रा लगेच गेला. बाबांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. नदीतली दोन-तीन माणसं बैल तसेच सोडून वर आली. एका शेतकऱ्याने आपल्या बांधावर जागा दिली, फावडं दिलं, स्वतःच खणलं. सणाचा दिवस असून कुणी कपाळाला आठी घातली नाही. बाबांनी खड्ड्यात उतरून त्याला कुशीवर निजवलं, तो गव्हाणीत निजायचा तसं. त्याच्या खांद्यावरची हळद तशीच होती.

परत येताना ऑटोत बाबांच्या मुठीत पट्टा होता. मी तो हळूच सोडवून घेतला आणि पिशवीत घातला. तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालली होती. बाबांना हे कळता कामा नये. आईने वाढवलेला कुत्रा आपल्या मुठीएवढ्या ढिलीने गेला, आपण मायेने चोळलेल्या तुपाने गेला, हे त्यांच्या लक्षात आलं तर ते यातून उठणार नाहीत. घरी आल्यावर मी स्वयंपाकघराचं दार लोटलं, पट्टा ओट्यावर ठेवला आणि वरवंट्याने त्याच्या बकलावर घाव घातला. पहिल्या घावाने तुटलं नाही. दुसऱ्याने तुटलं. झाकलेलं पुरण बाजूलाच होतं. मग पट्टा घेऊन बाहेर आले.

"बाबा, हे बघा. बक्कल तुटलं. म्हणून सुटला तो."

बाबांनी पट्टा हातात घेतला. तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "हाव," म्हणाले, आणि परत दिला.

पुढे मी ते खोटं नीट वाढवलं. कंपनीला फोन केला, ते चूक कबूल करतात, असं सांगितलं. फोन केलाच नव्हता. चौथ्या घरातल्या बाई भेटायला आल्या तेव्हा बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात मी बकलाच्या प्लास्टिकला शिव्या दिल्या. जेवताना म्हटलं, आजकाल कशातच राम उरला नाही, दिसायला मजबूत आणि आतून ठिसूळ. बाबा ऐकून घ्यायचे. भाकरी मोडायचे, हो ला हो करायचे. ते रडले नाहीत. मला वाटलं, माझ्या युक्तीने काम केलं.

एका सकाळी त्यांची पिशवी दाराशी होती. अंगात स्वच्छ सदरा, हातात छत्री. मी शाळेच्या घाईत होते. "कुठे निघालात?"

"गावाले."

मी आधी समजावलं, मग चिडले, मग वाट्टेल ते बोलले. तिथे कोण आहे तुमचं? पुन्हा पडलात तर भुंकायलाही कुणी नाही, हेही बोलून गेले. बाबा शांतपणे पायात चपला घालत होते. शेवटी मी शाळेत फोन करून रजा सांगितली आणि त्यांच्यासोबत बसस्टँडवर गेले. वाटलं, बाकावर बसून त्यांचं मन वळवू.

बाकावर बसल्यावर बाबाच बोलायला लागले. "ते बक्कल मायाच हातात व्हतं, पोरी. गाडी थांबली तवा मी खाली पाह्यलं. लागेल व्हतं ते. चांगलं शाबूत व्हतं."

समोर फलाटावर एक बस लागत होती आणि कंडक्टर ओरडत होता.

"मग बोलला का नाहीत?" मी म्हटलं.

"काय बोलू? तू इतक्या मेहनतीनं तोडलं ते. आतून मले वरवंट्याचा आवाज आला." त्यांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. "मी तुह्या घरी राह्यलो तं तुले रोज काई ना काई तोडा लागीन. मले बरं वाटावं म्हनून. थकून जाशीन. तुह्या मायनं असं नाई केलं कधी. माया हातून चुकलं का ती तोंडावर बोले, तुमीच केलं म्हने. मंग आमी भांडो, मंग जेवो."

"मी तोंडावर बोलले असते तर राहिला असतात?"

त्यांनी विचार केला. उगाच उत्तर देणारा माणूस तो नव्हेच. "राह्यलो असतो का नाई, मले सांगता येत नाई," ते म्हणाले. "पन तुह्यापाशी रडता तरी आलं असतं. तू बक्कल तोडून ठेवलं. आता कोनत्या तोंडानं रडू?"

मला त्यांचा राग आला. आजही येतो. मी जे केलं ते जीव तुटून केलं होतं, आणि त्यांनी ते माझ्यासमोर असं उलगडून ठेवलं की त्यात फक्त माझी भीती दिसावी. मी तिथेच म्हणायला हवं होतं, हो बाबा, तुम्हीच सैल सोडलात, चला घरी, बसून रडू. शब्द अगदी ओठांवर होते. पण बस आली, बाबा उठले, मी त्यांची पिशवी वर चढवून दिली आणि खिडकीतून पाण्याची बाटली दिली. ते म्हणाले, "जाय आता, शाळेले उशीर होईन." रजा टाकली आहे हे त्यांना माहीत होतं.

मी आता पुन्हा माझ्या हाताने कुलूप उघडते. रोज संध्याकाळी गावी फोन लावते. बाबांना विचारते, चक्कर येते का? ते म्हणतात, "नाई वं, एकदम मस्त हाय. आज शेतापावतर जाऊन आलो." चुलतभाऊ मला सांगतो की ते भिंतीला धरून चालतात, परवा अंगणात पडले होते, कपाळाला खोक पडली आहे, आणि मला सांगू नको अशी त्यांनी त्याला शपथ घातली आहे. मी खोटं बोलते म्हणून माझं घर सोडून गेलेला माणूस रोज माझ्याशी खोटं बोलतो. का बोलतो तेही मला कळतं. मला बरं वाटावं म्हणून. दररोज फोन लावताना मी ठरवते की आज तोंडावर म्हणायचं, बाबा, तुम्ही पडलात, मला माहीत आहे. मग पलीकडून त्यांचा दम लागलेला आवाज येतो, ते शेतात काय पेरलंय ते सांगत असतात, आणि मी म्हणते, "बरं झालं, बाबा. असेच फिरत जा."